समुद्रातल्या 'एडी करंट'ला मराठीत काय म्हणावं?

निळी शाई: एका भाषांतरात अडले आहे. समुद्रतळाशी काम करणाऱ्या मानवरहित पाणबुड्या तिथल्या तिथे, तार न जोडता चार्ज कशा करतात, असा लेख आहे. तळावरच्या थांब्यात (डॉकमध्ये) एक कॉइल, पाणबुडीच्या पोटाला दुसरी, मध्ये थोडंसं पाणी. पहिलीत उलटसुलट प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्रामुळे दुसरीत वीज तयार होते. धातूची उघडी टोकं नाहीत, म्हणून गंज नाही, शॉर्टची भीती नाही. पण खारं पाणी स्वतःच वीजवाहक. त्यातही विजेची गोल कडी फिरू लागतात आणि थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. हेच 'एडी करंट', यांना मी 'भोवरा प्रवाह' लिहिलं. मुद्रितशोधकांनी समासात विचारलं, 'भोवरे असतील तर पाणबुडी तिथे टिकेल कशी?' त्यांचं चुकलं नाही. भोवरा काय, प्रवाह काय, दोन्ही पाण्याचेच शब्द. त्यात पुढच्या परिच्छेदात खरा सागरी प्रवाह येतो, पाणबुडीला ढकलून दोन्ही कॉइली समोरासमोरून हलवणारा. काय करू?

तळटीप: 'आवर्त प्रवाह' लिहा. पारिभाषिक शब्द संस्कृतच हवा, म्हणजे रोजच्या अर्थाशी गल्लत होत नाही.

कालवाकाठ: आवर्त म्हणजे भोवराच की! आणि आमच्या नगरकडे 'आवर्तन सुटलं' म्हणजे कालव्याला पाणी आलं. तुमचा संस्कृत शब्द आमच्या उसात आधीच शिरलाय.

वाइंडिंगवाला: वडिलांचं मोटारी भरायचं दुकान होतं. मोटार जळली की लोक 'भरायला टाकली' म्हणतात, रिवाइंडिंग कोणी म्हणत नाही. लहानपणी मी विचारलं होतं, आतलं लोखंड अखंड का नाही, पातळ पत्रे एकावर एक का? वडील म्हणाले, अखंड असतं तर एडी करंटने तापलं असतं, म्हणून पत्रे, आणि दोन पत्र्यांमध्ये वार्निशचा थर. दुकानात शब्द 'एडी'च. तुमच्या लेखातली अडचण हीच आहे, फक्त समुद्राचे पत्रे कापता येत नाहीत. मग प्रवाह उलटसुलट होण्याची वारंवारता फार वाढवायची नाही, कारण ती वाढली की हे नुकसानही वाढतं. 'एडी करंट' तसाच ठेवा, एकदा समजावून सांगा.

तळटीप: म्हणजे मराठीने हात टेकायचे? कॉइललाही शब्द आहे. दहावीच्या पुस्तकात कुंतल, नालकुंतल शिकवतात.

कालवाकाठ: कुंतल म्हणजे केस. परीक्षा झाल्यावर तो शब्द कोणाच्या तोंडून ऐकलात? वेटोळं म्हणा, डोळ्यांसमोर तरी येतं.

वाइंडिंगवाला: वेटोळं सापाचं. तारेचे वेढे. 'किती वेढे दिले?' असंच विचारतात.

उधाण: मी रत्नागिरीची. आमच्याकडे सागरी प्रवाहाला कोणी प्रवाह म्हणत नाही, 'पाण्याला ओढ आहे' म्हणतात. आजोबा होडीतून उतरण्याआधी हात पाण्यात धरून बघायचे, बोटं कुठे वळतात ते. समुद्राला 'ओढ' द्या, 'प्रवाह' विजेला सोडा. निम्मा गोंधळ तिथेच सुटतो.

तळटीप: 'तार न जोडता' हेही लांबट आहे. बिनतारी म्हणा.

कालवाकाठ: बिनतारी म्हणजे पोलिसांच्या गाडीतलं खरखरणारं यंत्र. शिवाय 'बिन' फारसी ना? तुम्हाला चालतं?

तळटीप: बिन हे 'विना'चं रूप आहे. बिनबुडाचा, बिनपाण्याची. फारसी 'बे' वेगळा, बेफिकीर, बेजबाबदार.

निळी शाई: 'ओढ' घेते, उधाण, मनापासून आभार. वाक्य आता असं झालंय: 'ओढीमुळे पाणबुडी किंचित सरकली तरी दुसऱ्या कॉइलला कमी वीज मिळते.' मुद्रितशोधकांना वाचून दाखवलं, एकदाही थांबले नाहीत. भोवऱ्याचं मात्र अडलेलंच आहे. विजेच्या कड्यांना 'कडीप्रवाह' म्हटलं तर?

कालवाकाठ: बिनधास्तमधला बिन कुठला मग?

तळटीप: तोही विनाच. धास्ती नसलेला.