मस्कतची पार्टी आर्बिट्रेटर (कोर्टाबाहेर वाद सोडवणारा लवाद) नेमायला तयार नाही. अर्ज अहमदाबादला करायचा की दिल्लीला?

मकरपुऱ्याची हिशेबनीस :
वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं हीट एक्स्चेंजरचं छोटं वर्कशॉप आहे. बाबा जॉब बघतात, मी कागद. मस्कतच्या एका कंपनीला चार नग पाठवले. त्यांचाच इन्स्पेक्टर आमच्या शेडमध्ये उभा राहून, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) बघून, सही करून गेला होता. आता शेवटचे ४८ हजार डॉलर अडकलेत. म्हणे ट्यूब गळते.

करारात लिहिलंय : दोघांच्या संमतीने एक आर्बिट्रेटर, आर्बिट्रेशनचं स्थान वडोदरा, कराराला कायदा इंग्लंडचा. (हे इंग्लंड मध्येच कुठून उगवलं ते बाबांनाही आठवत नाही. कुणाचा तरी जुना नमुना उतरवला असणार.) तीन नावं सुचवून नोटीस पाठवली, दीड महिना झाला, तिकडून हूं नाही की चूं नाही. आमचे वकीलसाहेब घरचेच आहेत, ते म्हणतात अहमदाबादला हायकोर्टात अर्ज टाकू. टाकू का?

रावपुरावाला :
ताई, थांबा. समोरची कंपनी परदेशात नोंदलेली असली की १९९६च्या लवाद कायद्याप्रमाणे हे आंतरराष्ट्रीय व्यापारी आर्बिट्रेशन होतं, आणि मग आर्बिट्रेटर नेमायचा अधिकार सुप्रीम कोर्टाचा. कलम ११ वाचा. दोन्ही पार्ट्या इथल्या असत्या तर अहमदाबाद बरोबर होतं. अ‍ॅमवेच्या प्रकरणात वितरक नवरा-बायको अमेरिकेत राहणारे होते, धंदा मात्र भारतातला. दिल्ली हायकोर्टाने आर्बिट्रेटर नेमला आणि २०२१मध्ये सुप्रीम कोर्टाने ती नेमणूक रद्द केली, कारण हायकोर्टाला तो अधिकारच नव्हता.

इंग्लंडची काळजी नको. कराराचा कायदा वेगळा आणि आर्बिट्रेशनचं स्थान, म्हणजे कुठल्या देशाची कोर्टं त्यात लक्ष घालणार ते, वेगळं. तुमचं स्थान वडोदरा आहे, तेच तुम्हाला वाचवतंय. तिथे हाँगकाँग लिहिलं असतं तर इथून हात हलवत परत यावं लागलं असतं. मँकास्तू कंपनीच्या प्रकरणात २०२०मध्ये तसंच झालं.

पादरा रोड :
आम्ही हीच चूक केलीय. आठ महिने तारखांवर तारखा, मग समोरच्या वकिलाने एका वाक्यात अर्ज उडवला. तुमचे वकीलसाहेब चांगलेच असतील हो, पण घरच्या माणसाला ‘चुकताय’ म्हणायला जड जातं, आणि ते जडपण आम्हाला महाग पडलं.

एक विचारतो, परफॉर्मन्स गॅरंटी (काम नीट झालं नाही तर बँक समोरच्याला पैसे देईल अशी हमी) दिली आहे का बँकेची?

मकरपुऱ्याची हिशेबनीस :
दिलीय. ती वटवू म्हणून धमकीही आलीय.

रावपुरावाला :
मग त्यासाठी मात्र अहमदाबादच. कलम ९ची अंतरिम मनाई हायकोर्ट देतं. पण बँक गॅरंटीवर मनाई सहज मिळत नाही; उघड फसवणूक किंवा भरून न येणारं नुकसान दाखवावं लागतं, ‘माल चांगला होता’ एवढ्याने भागत नाही. आणि मनाई मिळाली तर ९० दिवसांत आर्बिट्रेशन सुरू व्हायला हवं. तुमची नोटीस त्यांना पोचली त्या दिवशी ते कायद्याने सुरू झालेलंच आहे, फक्त पोचल्याचा पुरावा जपा. नेमणुकीसाठीचे ३० दिवससुद्धा त्याच तारखेपासून मोजतात.

अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रयत्न, हं. त्या भरवशावर मालाचे पैसे कुणाला कबूल करू नका.

मकरपुऱ्याची हिशेबनीस :
बाबांचा प्रश्न : आर्बिट्रेटर परदेशी नेमला तर फी डॉलरमध्ये का?

रावपुरावाला :
दोन्ही देशांबाहेरचा माणूस नेमायची कोर्टाला मुभा आहे, सक्ती नाही. फीचं मात्र जपा. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातला फीचा तक्ता आंतरराष्ट्रीय प्रकरणांना लागू नाही, म्हणून पहिल्याच बैठकीत आकडा ठरवून लिहून घ्या. तीन आर्बिट्रेटर नाहीत, एकच आहे, हे तुमचं नशीब.

मकरपुऱ्याची हिशेबनीस :
वकीलसाहेबांना भीत भीत कलम दाखवलं. चष्मा वर केला, दोनदा वाचलं, म्हणाले, ‘बरं झालं आधी विचारलंस.’ आता तेच दिल्लीतला सुप्रीम कोर्टाचा वकील शोधून देताहेत. नोटीस पोचल्याची कुरिअरची पावती मात्र दोन दिवस मिळेना. शेवटी बाबांच्या चोपड्यात सापडली, मागच्या बाजूला आर्गॉनच्या सिलिंडरांचा हिशेब केलेला.