मार्चच्या बोनसमधले किती पेन्शनमध्ये वळवावेत? (यूके, सॅलरी सॅक्रिफाइस)

गवती_चहा:
कंपनीच्या पेन्शनमध्ये दरमहा ६ टक्के सॅलरी सॅक्रिफाइसने जातात (तेवढा पगार आपण सोडतो, कंपनी तो थेट पेन्शनमध्ये भरते). ते वजा जाता या वर्षाचा करपात्र पगार ९६,००० पौंड होईल. मार्चमध्ये १४,००० बोनस आहे, शिवाय बँकेचं व्याज साधारण ७००. मूल नर्सरीत आहे, आठवड्याला ३० तास मोफत आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (नर्सरीच्या खर्चाला सरकारी मदत) दोन्ही चालू आहेत. बोनसमधले किती पेन्शनला द्यावेत, आणि एचआरला नेमकं काय आणि कधी सांगायचं? राहणं इंग्लंडमध्ये.

आकडेमोड:
तुमची बेरीज १,१०,७०० होते, म्हणजे १ लाखाच्या वर १०,७००. एवढे तरी वळवाच.

१ लाखाच्या पुढे दर २ पौंडांमागे १ पौंड पर्सनल अलाउन्स (करमुक्त उत्पन्नाची मर्यादा) कापला जातो आणि १,२५,१४० ला तो शून्य होतो. या पट्ट्यातले १०,००० हातात घेतलेत तर ४० टक्क्यांनी ४,००० टॅक्स, ५,००० अलाउन्स गेल्यामुळे आणखी २,००० आणि एनआयचे (नॅशनल इन्शुरन्स, पगारातून कापली जाणारी वर्गणी) २००. हातात उरतात ३,८००. सॅक्रिफाइस केलेत तर पूर्ण १०,००० पेन्शनमध्ये. कंपनीचाही त्यावरचा १५ टक्के एनआय वाचतो. काही कंपन्या त्यातला वाटा पेन्शनमध्ये टाकतात, काही स्वतःकडे ठेवतात. हे विचारून घ्या, १०,००० वर ही रक्कम १,५०० पर्यंत जाते.

नर्सरीचा हिशेब याहून कडक आहे. तिथे उतरती कळा नाही, थेट कडेलोट आहे. आई किंवा बाबा, कुणा एकाचंही अ‍ॅडजस्टेड नेट इन्कम (सगळं करपात्र उत्पन्न, पेन्शनला भरलेलं वजा जाता) १ लाखाच्या एक पौंड जरी वर गेलं तरी ३० तास आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर दोन्ही जातात. व्याज आणि डिव्हिडंड यात पूर्ण धरतात, त्यावर टॅक्स लागो न लागो. आयसा या करमुक्त बचत खात्यातलं व्याज मात्र धरत नाहीत. व्याजाचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून १०,७०० वर न थांबता ११,२०० करा.

उरलेले २,८०० वळवले तर बचत ४२ टक्केच. वाईट नाही, पण घरात गरज असेल तर हातात घ्या.

पेरोलवाली:
रकमेइतकीच तारीख महत्त्वाची. बोनस देय होण्याआधी लेखी करार झाला पाहिजे. 'माझ्या बोनसपैकी ११,२०० पौंडांवरचा हक्क सोडतो/सोडते, ती रक्कम कंपनीने एम्प्लॉयर काँट्रिब्यूशन म्हणून पेन्शनमध्ये भरावी' असा त्याचा आशय. बोनस देय झाल्यावर सही केलीत तर पैसे पेन्शनमध्ये गेले तरी टॅक्स आणि एनआय दोन्ही लागतात. बहुतेक कंपन्यांत बेनिफिट्स पोर्टलवर 'बोनस सॅक्रिफाइस' हा वेगळा फॉर्म असतो आणि तो पगाराच्या दोन-तीन आठवडे आधी बंद होतो. मासिक ६ टक्के आपोआप बोनसवर लागू होतात असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी ते फक्त मूळ पगारावर असतात.

टक्क्यांऐवजी रक्कम लिहा. बोनसचा आकडा शेवटी बदलला की टक्केवारीचं गणित फसतं.

पेस्लिप आली की दोन गोष्टी तपासा. सॅक्रिफाइस वरच्या भागात, ढोबळ पगारातून वजा झालेलं दिसलं पाहिजे, आणि एनआयसाठी धरलेला पगारही तेवढाच कमी हवा. रक्कम खाली टॅक्सच्या शेजारी कपातीत असेल आणि एनआयचा पगार जुनाच असेल, तर ते साधं काँट्रिब्यूशन झालं. लगेच कळवा. ५ एप्रिलला टॅक्सचं वर्ष संपतं, त्यानंतर दुरुस्ती किचकट होते.

टॅक्स कोडही बघा. एचएमआरसीने (यूकेचं करखातं) १,१०,००० चा अंदाज धरून १२५७एल या नेहमीच्या कोडचा आकडा आधीच खाली आणला असेल, तर पर्सनल टॅक्स अकाउंटमध्ये उत्पन्नाचा अंदाज बदलावा लागतो.

रेघ_ना_रेघ:
वरचं सगळं १ लाखाच्या आसपासच्यांसाठी. कमी पगारवाल्यांनी बोनसच्याच मागे लागू नये, कारण कर्मचाऱ्याचा एनआय वर्षावर नाही, प्रत्येक पगारावर वेगळा मोजतात. महिन्याला १,०४८ ते ४,१८९ पौंडांपर्यंत ८ टक्के, वर २ टक्के. (कंपनी डायरेक्टरांचा हिशेब वार्षिक असतो.)

समजा पगार ४२,००० आहे, म्हणजे महिना ३,५००, आणि मार्चमध्ये ३,००० बोनस. बोनस पूर्ण सॅक्रिफाइस केला तर त्यातल्या ६८९ वर ८ टक्के आणि २,३११ वर २ टक्के एनआय वाचतो. एकूण सुमारे १०१ पौंड. तेच ३,००० दरमहा २५० असे पगारातून वळवले आणि बोनस हातात घेतला, तर वाचतात २२५ (अकरा महिने ८ टक्क्यांनी, बोनसच्या मार्चमध्ये २ टक्क्यांनीच). टॅक्सची बचत दोन्हीकडे सारखीच. ओव्हरटाइमचंही तेच. एका महिन्यात ढीगभर ओव्हरटाइम आला तर त्या महिन्याऐवजी पुढच्या साध्या महिन्यांचं सॅक्रिफाइस वाढवा.

स्टुडंट लोन चालू असेल तर त्याचे ९ टक्केही वाचतात. ४२,००० वाल्याला ओव्हरटाइमच्या ३०० पौंडांतले हातात १८९ येतात, पेन्शनमध्ये पूर्ण ३००.

अडथळा दोन ठिकाणी. सॅक्रिफाइसनंतरचा रोख पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, पेरोल तिथेच अडवतं. आणि बाळंतपण जवळ असेल तर सांभाळून, कारण स्टॅच्युटरी मॅटर्निटी पे साधारण आठ आठवड्यांच्या प्रत्यक्ष पगाराच्या सरासरीवर ठरतो आणि ती सरासरी सॅक्रिफाइसने खाली येते.

गवती_चहा:
पोर्टल परवाच बंद झालं! एचआर म्हणतंय आता काही होणार नाही. १ लाखाच्या खाली यायचा दुसरा मार्ग?

आकडेमोड:
आहे, आणि नुकसान फारसं नाही. स्वतःच्या सिपमध्ये (स्वतः उघडलेलं खाजगी पेन्शन खातं) ८,९६० पौंड भरा. प्रोव्हायडर २,२४० सरकारकडून आणतो, झाले ११,२०० ढोबळ. अ‍ॅडजस्टेड नेट इन्कम तेवढंच खाली येतं, नर्सरी वाचते. या २० टक्क्यांच्या वरचा टॅक्स परतावा सेल्फ असेसमेंटमध्ये (स्वतः भरायचं टॅक्स रिटर्न) किंवा एचएमआरसीकडे दावा करून मागायचा, आपोआप मिळत नाही. रकान्यात ११,२०० लिहा, ८,९६० नव्हे. गमावलात तो फक्त २ टक्के एनआय, म्हणजे २२४ पौंड, आणि कंपनी तिच्या एनआयमधला वाटा देत असेल तर तो. पैसे ५ एप्रिलपर्यंत प्रोव्हायडरकडे पोचले पाहिजेत, शेवटच्या दिवशी ट्रान्सफर करत बसू नका.

उलट, सॅक्रिफाइसने गेलेली रक्कम रिटर्नमध्ये पुन्हा दाखवायची नाही. पी६० वर (वर्षाअखेरीला कंपनी देते ते पगार-टॅक्सचं पत्रक) पगार आधीच कमी होऊन येतो. दोनदा वजावट घेतली की नोटीस ठरलेली.

पेरोलवाली:
आणखी थोडं. पेन्शनमध्ये भरायची वर्षाची मर्यादा ६०,००० आहे आणि त्यात कंपनीचा वाटाही धरतात. मागच्या तीन वर्षांतली न वापरलेली मर्यादा पुढे ओढता येते. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये जाहीर झाल्याप्रमाणे एप्रिल २०२९ पासून सॅक्रिफाइसवरची एनआय सूट वर्षाला २,००० पौंडांपुरतीच राहील. इन्कम टॅक्सची सूट कायम आहे. म्हणजे तुमच्यासारख्यांना त्यावरच्या रकमेला २ टक्के लागतील, वार्षिक पगार ५०,२७० च्या खाली असणाऱ्यांना ८.

आणि हा पैसा अडकतो. सध्या ५५ व्या वर्षी हात लावता येतो, ६ एप्रिल २०२८ पासून ५७ व्या. भारतात परत गेलात म्हणून लवकर मिळत नाही. 'आम्ही आधी काढून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागलात तर ५५ टक्क्यांपर्यंत कर बसतो, त्यांची फी वेगळीच.