दुकान बंद होताना काय घेतलं, काय उरलं? – खान्देशकरांनो, अनुभव लिहा

मागच्या रविवारी अमळनेरला आईकडे गेले होते. रिक्षा बाजारपेठेतून वळली आणि आमच्या नेहमीच्या कापड दुकानावर पिवळा फलक दिसला : 'दुकान कायमचे बंद करणे आहे. सर्व माल खरेदी भावात.' घरी जाऊन सांगितलं तर आईला आधीच ठाऊक. तिचा प्रश्न एकच. "आते मी लुगडं कथाईन लिसू?" (आता मी लुगडं कुठून घेऊ?) आई ७६ वर्षांची, अजून नऊवार नेसते आणि दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एक नवं लुगडं हा तिचा नेम.

दुसऱ्या दिवशी दोघी गेलो. ज्या पांढऱ्या गादीवर चपला काढून, मांडी घालून बसल्याशिवाय काका माल उलगडायचे नाहीत, ती गादी गुंडाळून भिंतीशी उभी होती. ओट्यावर खाटा, खाटांवर ढीग. बायका कोपरापर्यंत हात घालून ढिगातून ओढत होत्या. एका चादरीचं एक टोक एकीकडे, दुसरं दुसरीकडे, आणि दोघीही सोडायला तयार नाहीत. काका मात्र सवयीने येणाऱ्या प्रत्येकीला पाणी विचारत होते. मी चार सोलापुरी चादरी, दोन सतरंज्या आणि अर्धा डझन टॉवेल घेतले. आईने काहीच घेतलं नाही. गर्दीत डोकं चालत नाही म्हणाली.

निघायच्या दिवशी पुन्हा डोकावले. बेडशीट, पडदे, लेगिंग्ज, लहान मुलींचे फ्रॉक, सगळं साफ. उरलं होतं काय, तर नऊवारी लुगड्यांची चळत, धोतरजोड्या आणि पांढऱ्या टोप्या. "नेसणाऱ्या गेल्या, ताई," काका म्हणाले. म्हटलं, अजून भाव उतरवा की. तर म्हणे, "फुकट दिलं तरी नेसणार कोण?"

तेव्हापासून डोक्यात आहे. आपल्याकडची अशी दुकानं एकेक करून मिटताहेत. तुम्ही अशा सेलला गेला असाल तर लिहा. काय घेतलं, टिकलं का, फसलात का, आणि शेवटी दुकानात काय उरलं होतं? दुकानांची नावं मात्र नकोत.

चोपड्याचा कापूसवाला

आमच्याकडचा किस्सा उधारीचा आहे. आमच्या दुकानदाराकडे अख्ख्या पंचक्रोशीची खाती. लग्नाचा बस्ता असो की सालदाराचे कपडे, आखाजीला न्यायचं आणि कापूस विकला की दिवाळीच्या आसपास भरायचं. शेठ लाल वहीत लिहायचे, बोलायचे काही नाहीत. बहिणीच्या बस्त्याचे आमचेही १४,००० च्या वर बाकी होते, कारण त्या साली बोंडअळीने वाट लावलेली.

सेल लागला आणि भलतीच पंचाईत झाली. स्वस्तात माल तर हवा, पण दुकानात पाय टाकला की वही समोर येणार. मग लोक काय करायचे? ज्यांची बाकी नाही अशांना पाठवायचे! माझ्या चुलतभावाने शेजारच्या मास्तरांच्या बायकोकडून तीन ब्लँकेटं मागवली. शेठनी ब्लँकेटं बांधून दिली आणि मास्तरीणबाईंना म्हणाले, "रंग पसंत पडला नाही तर त्याला सांगा, स्वतः बदलायला ये."

आम्ही बाबांसोबत जाऊन निम्मी बाकी भरली. उरलेल्याचं काय, विचारलं तर शेठनी वही मिटली आणि चहा सांगितला. सोडली असं म्हणाले नाहीत, द्या असंही म्हणाले नाहीत. बाबांना ते फार लागलं. पुढच्या हंगामात त्यांच्या घरी जाऊन देऊन आले तेव्हा कुठे माणूस नीट झोपला.

धुळेकर

तुम्ही सगळे हळवे झालात म्हणून एक उतारा देतो. आमच्याकडे एक दुकान गेली चार वर्षं 'कायमचे बंद' होतंय. फलक उन्हाने विटला की नवा लागतो, तारीख फक्त बदलते. 'शेवटचे ३ दिवस' वाचून मी धावत गेलो आणि ९०० ची डबल बेडशीट ४५० ला आणली. घरी बायकोने किमतीचं स्टिकर नखाने खरवडलं. खाली दुसरं स्टिकर, ४२५ चं. म्हणजे अर्ध्या भावाच्या नावाखाली छापील किमतीपेक्षा २५ रुपये जास्त!

वर पहिल्या धुण्यात रंग गेला. परत नेली तर 'सेलचा माल बदलून मिळणार नाही' या पाटीकडे बोट. तेव्हा गप्प बसलो, आता बसणार नाही. पाटी लावली म्हणून कायदा बदलत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं तर चालतच नाही. १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवता येते. पण त्यासाठी बिल लागतं, आणि सेलमध्ये बिल मागणाऱ्याकडे लोक असे बघतात जणू त्याने वरातीत भजन सुरू केलं. मागायचंच.

पिकोफॉल, पारोळा

मी शिलाईकाम करते. माझ्यासाठी असे सेल म्हणजे पर्वणी, पण डोळे उघडे ठेवून. जुन्या दुकानाच्या माळ्यावरचा माल दहा-दहा वर्षं घडीत पडून असतो आणि कापड मरतं ते घडीवरच. जरीची किंवा रेशमी साडी घ्यायची तर पूर्ण उलगडा, घडीची रेघ उजेडासमोर धरा आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. चर्र आवाज आला तर ठेवून द्या, ती साडी पहिल्यांदा नेसतानाच फाटणार. सुती कापडाच्या घडीवर पिवळी रेघ असते. ती कधी धुऊन जाते, कधी नाही. पांढऱ्यावर असेल तर नकोच. टेरीकॉट मात्र दुकानदार म्हातारा होईल पण त्याला काही होणार नाही. आणि इलॅस्टिकचं काहीही घेऊ नका. मी डझनभर चड्ड्या घेतल्या होत्या मुलाला. घातल्या की इलॅस्टिकचा चुरमुरा. शाळेत एक हात कायम कमरेला.

तागे संपत आले की तुकडे निघतात, तिथे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायला विसरू नका. ३६ इंची पन्ह्याला फुल बाह्यांच्या शर्टाला सव्वादोन-अडीच मीटर लागतं, ५८ इंचीला १.६० त भागतं. लोक दोन मीटरचा तुकडा स्वस्त दिसला म्हणून आणतात आणि मग माझ्याशी वाद घालतात की अर्ध्या बाहीचा का शिवला.

शेवटी काय उरतं म्हणाल तर टू बाय टूचे, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचे, तुकडे, भडक जांभळे आणि पोपटी. मॅचिंग साड्याच आता येत नाहीत त्या रंगांच्या. मी पाच किलो घेतले, तोलून. त्यातून दुपट्याच्या किनारी आणि आमच्या खान्देशच्या कानबाई देवीच्या मखराच्या झालरी केल्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या गल्लीत तीन घरी कानबाई बसली, तिन्ही मखरांना तीच पोपटी झालर!

भुसावळ क्वार्टर

झालरीवरून आठवलं. आमच्या रेल्वे कॉलनीजवळच्या दुकानाने बंद होताना पडद्यांचं कापड ४० रुपये मीटरने काढलं. तपकिरी, त्यावर पिवळी पानं. आम्ही घेतलं. वरच्यांनी घेतलं. समोरच्या ओळीने घेतलं. नाइट ड्यूटीवरून आलेले एक काका दोनदा चुकून आमच्या घरात येऊन बूट काढायला बसले.

तापीकाठ, नंदुरबार

दुकानं का मिटताहेत त्याचं एक कारण मीच आहे, म्हणून लिहितेय. नंदुरबारहून सकाळच्या गाडीने निघालं की तीन-साडेतीन तासांत सुरत. कापड मार्केटमध्ये फिरायचं, गाठोडं बांधायचं, रात्रीपर्यंत घरी. पूर्वी हेच आमचे दुकानदार करायचे. सात वर्षांपूर्वी मी सुरू केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकते, पुढच्या खोलीत साड्या मांडते. दुकानाचं भाडं नाही, नोकर नाही, लाइटबिल घरचंच. साडीमागे दीडशे सुटले तरी मला पुरतात. त्याच साडीवर दुकानदाराला दीडशेत घर चालवता येत नाही.

ज्या दुकानातून माझ्या लग्नाचा बस्ता झाला ते दोन वर्षांपूर्वी बंद झालं. त्या बस्त्याला दोन्हीकडची मिळून पंचवीस माणसं होती. सकाळी बसलेली मंडळी दुपारचं जेवण दुकानातच करून संध्याकाळी उठली, आणि मामीच्या साडीवरून माझ्या आत्याने जे रुसून घेतलं ते अजून निघालेलं नाही. तर, त्या सेलला मी गेले आणि कापड काहीच घेतलं नाही, कारण सुरतचा भाव मला पाठ आहे आणि त्यांचा 'खरेदी भाव' माझ्या विक्रीच्या भावाहून वर होता. खोटं बोलत नव्हते ते. त्यांनी खरंच तेवढ्याला घेतला असणार, उधारीवर, दलालामार्फत.

मी घेतलं ते काचेचं कपाट आणि साडी नेसवलेला पुतळा. तिचं एक बोट तुटलंय. पुढच्या खोलीत उभी आहे. मुलगा रात्री पाणी प्यायला उठला की अजून दचकतो.

गादीवरची

हे वाचून राहवलं नाही. मी दुकानदाराची मुलगी. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एवढंच सांगते.

बाहेरून लोकांना वाटतं सेल म्हणजे लॉटरी. आतून सांगते. बाबांनी फेब्रुवारी २०२० मध्ये लग्नसराईचा माल भरला होता. २५ मार्चला सगळं बंद. त्या वर्षीची आखाजी २६ एप्रिलला होती, शटर खाली. वर्षाची निम्मी विक्री त्या दोन-अडीच महिन्यांत व्हायची. माल पडून आणि व्यापाऱ्यांची देणी उभी. त्यातून दुकान सावरलंच नाही, नुसतं लांबत गेलं. भाऊ पुण्यात नोकरीला, तो गादीवर बसणार नव्हता आणि बाबांनी त्याला बस म्हटलंही नाही.

माल संपवायची घाई का असते तेही सांगते. जीएसटीची नोंदणी रद्द करताना शिल्लक मालावर आधी घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत भरावं लागतं आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र द्यावं लागतं. म्हणजे माळ्यावर उरलेला ताका नुसता पडून राहत नाही, तो पैसे मागतो. म्हणून शेवटच्या आठवड्यात 'कितीला देता' याला 'तुम्ही कितीला नेता' हे उत्तर असतं.

सेलमध्ये एका कपाटाला बाबांनी हात लावू दिला नाही. मादरपाटाचं. गावात कोणी गेलं की रात्री-अपरात्री आमचंच दार वाजायचं. बाबा बॅटरी घेऊन खाली उतरायचे, कापड फाडून द्यायचे. त्या टर्र आवाजानेच आम्हाला कळायचं की कोणीतरी गेलं. त्याचे पैसे त्यांनी रात्री कधी मोजले नाहीत, लोक बाराव्यानंतर आणून द्यायचे. सेलला आलेल्या एका बाईने विचारलं, हे पांढरं कितीने लावलं? बाबा म्हणाले, "ते सेलमध्ये नाही." पुढे ते सगळे तागे मारुतीच्या मंदिरात नेऊन ठेवले. पुजाऱ्याला सांगितलं, रात्री कोणी आलं तर दे.

बाकी उरलेला माल एका फेरीवाल्याने किलोवर नेला. टेम्पो भरायला वीस मिनिटं लागली. माझ्याकडे कापड मोजायचा लोखंडी गज आहे, वजनमापेवाल्यांचे शिक्के ठोकलेला. मधोमध बाबांच्या मुठीने गुळगुळीत झालाय. त्याच्या एका अंगाला ब्लेडने ओढलेली बारीक रेघ आहे, ती वाराची. म्हाताऱ्या बायका शेवटपर्यंत वारातच मागायच्या. मीटरने नऊवार म्हणजे ८.२३, हा हिशेब बाबा तोंडी करायचे आणि वर बोटभर जास्त सोडायचे. सध्या त्या गजावर पडदा अडकवलाय.

चोपड्याचा कापूसवाला

@गादीवरची, गज देऊ नका कोणाला.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सावकाश एकेकाला उत्तर देते. @पिकोफॉल, तुमचं वाचून चादरींच्या घड्या उजेडात धरून पाहिल्या, ठीक आहेत.

काल आईचा फोन होता. गर्दी ओसरल्यावर एकटीच दुकानात जाऊन आली. काकांनी म्हणे तिच्यापुरती गादी पुन्हा अंथरली आणि सगळी चळत उलगडून दाखवली. सहा लुगडी घेतली तिने, हिरवी दोन, बाकीची जांभळट. मी म्हटलं, घ्यायचीच होती तर दहा तरी घ्यायची, एवढ्या भावात परत मिळणार नाहीत.

"नही व माय," म्हणाली. "आखाज्या मोजीसनच लिन्यात."