व्हर्जिनिया: शेजारी 'मिलिशियात ये' म्हणतोय. ग्रीन कार्डवर असताना जावं का?

गूचलंडवासी:
नमस्कार मंडळी. जर्सी सोडून आम्ही रिचमंडच्या पश्चिमेला गूचलंड काउंटीत घर घेतलं. थोडी जमीन आहे, मागे रान आहे, पोलिसांची गाडी यायला वेळ लागतो. शेजारी निवृत्त गृहस्थ, माणूस एक नंबर. वादळात आमच्या रस्त्यावर ओकचं झाड आडवं झालं, तर न बोलावता करवत घेऊन आले आणि दुपारभर राबले.

आता ते म्हणतात, महिन्यातून एका शनिवारी त्यांच्या मित्राच्या शेतावर 'काउंटी मिलिशिया' जमते, तू पण ये. नेमबाजी, प्रथमोपचार, वायरलेस असं सगळं शिकवतात. त्यांचं म्हणणं, कायद्याने तू तसाही मिलिशियात आहेसच आणि दुसरी घटनादुरुस्ती (शस्त्र बाळगण्याच्या हक्काची) त्यासाठीच आहे. बायकोचा साफ नकार आहे. माझं ग्रीन कार्ड आहे, पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा अर्ज करीन. बंदूक घेता येईल का? आणि ही मिलिशिया म्हणजे नक्की काय?

डल्लासचा दादा:
बंदूक घेता येईल. दुकानात 4473 नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते. एच-वन व्हिसावाल्यांना मनाई आहे (शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडून), ग्रीन कार्डला नाही. बाकी शेजारी चांगला असेल तर जाऊन बघायला काय हरकत आहे?

शिक्षिका_नोव्हा:
हरकत आहे. सविस्तर लिहिते, कारण मी इथल्या हायस्कूलमध्ये बारावीला 'गव्हर्नमेंट' शिकवते आणि हा गोंधळ दरवर्षी वर्गात निस्तरते. माझ्या घरी शॉटगन आहे, तेव्हा मी बंदूकविरोधी आहे असं समजू नका.

शेजाऱ्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. व्हर्जिनियाच्या कायद्यात 16 ते 55 वयाचे सगळे धडधाकट रहिवासी मिलिशियात, म्हणजे राज्याने गरजेला बोलवायच्या सामान्य लोकांच्या फौजेत, मोडतात: जे नागरिक आहेत ते, आणि नागरिक होण्याचा इरादा ज्यांनी जाहीर केलाय तेही. पण बहुतेक जण त्यातल्या 'असंघटित' वर्गात येतात. म्हणजे राज्याने हाक मारली तर जायचं. आपण होऊन कंपनी काढायची, कॅप्टन नेमायचा आणि काउंटीचं नाव लावायचं, याला त्यात जागा नाही.

1792 चा मिलिशिया कायदा मी मुलांना वाचायला लावते. 18 ते 45 वयाच्या प्रत्येक स्वतंत्र गोऱ्या पुरुष नागरिकाचं नाव स्थानिक कंपनीच्या कॅप्टनने पटावर चढवायचं. मग त्याने सहा महिन्यांत स्वखर्चाने मस्केट (त्या काळची लांब बंदूक), संगीन, चकमकीचे दोन जादा दगड आणि किमान 24 काडतुसं आणायची. बोलावलं की कवायतीला हजर व्हायचं. मुलं दरवेळी चकित होतात, कारण त्यांच्या डोक्यात बंदूक म्हणजे 'माझा हक्क' असतो आणि इथे सरकार म्हणतंय, आण, दाखव, रांगेत उभा राहा. पटावर कोण नव्हतं तेही मी विचारते. दक्षिणेत याच मिलिशियाच्या माणसांतून गुलामांवर गस्त घालणाऱ्या तुकड्या निघत. हे सोडून मिलिशियाचे गोडवे गाणं मला पटत नाही.

मग हक्क? 2008 च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की बंदूक बाळगण्याचा हक्क व्यक्तीचा आहे, मिलिशियात नाव असण्याची अट नाही. 2022 च्या ब्रुएन निकालाने तो घराबाहेरही लागू केला. तुमच्या घरातल्या बंदुकीचा प्रश्न इथे मिटला. पण न्या. स्कालिया यांनी त्याच हेलर निकालात 1886 च्या प्रेसर खटल्याचा दाखला देऊन म्हटलंय की खासगी निमलष्करी संघटनांवर बंदी घालायला दुसरी दुरुस्ती आड येत नाही. शनिवारच्या गटात ही ओळ कुणी वाचून दाखवत असेल असं वाटत नाही.

व्हर्जिनियाची स्वतःची घटना तर आणखी स्पष्ट आहे. 1776 साली जॉर्ज मेसन यांनी राज्यासाठी हक्कांचा जो जाहीरनामा लिहिला, त्याचं तेरावं कलम आजही आहे. मिलिशिया जनतेची असावी हे त्यात आहेच, शिवाय लष्करी बळ सर्व परिस्थितीत नागरी सत्तेच्या कडक ताब्यात असावं असंही आहे. 2017 मध्ये याच राज्यातल्या शार्लट्सविल शहरात रायफली घेऊन गट उतरले, त्यानंतर शहराने याच कलमाच्या आधारे दावा लावला. मिलिशिया म्हणवणाऱ्या गटांना कोर्टात लिहून द्यावं लागलं की आम्ही पुन्हा असे सशस्त्र गट करून तिथे येणार नाही. दंगलीत वापरायच्या हेतूने शस्त्रांचं प्रशिक्षण देणं किंवा त्यासाठी जमणं हा या राज्यात फेलनीचा, म्हणजे गंभीर, गुन्हा आहे. तुमचे शेजारी तसे नसतीलही. पण हेतू एकट्या त्यांचा मोजला जात नाही, त्या शेतावर कोण कोण येतं ते तुम्हाला ठाऊक नाही.

आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं: नागरिकत्वाच्या एन-400 अर्जात सरळ विचारतात की तुम्ही कधी सशस्त्र गटात, निमलष्करी पथकात, स्वसंरक्षण पथकात होतात का. त्यापुढे 'हो' लिहून मुलाखतीत समजावत बसणार का? 'नाही' लिहिलंत तर ते खोटं ठरेल.

डल्लासचा दादा:
ताई, माहिती पटली, पण एक सांगा. स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला, लेक्सिंग्टनला 1775 मध्ये उभे राहिले ते शेतकरी तेव्हाच्या ब्रिटिश सरकारविरुद्धच उभे होते ना? सरकारच्या परवानगीने मिलिशिया, तर मग जुलमी सरकार आलं तर काय?

शिक्षिका_नोव्हा:
दादा, प्रश्न रास्त आहे. पण लेक्सिंग्टनचे ते लोक गावाच्या पटावरचे होते, त्यांचे अधिकारी गावकऱ्यांनी निवडलेले होते, आणि पाठीमागे मॅसॅच्युसेट्सची लोकांनी निवडलेली प्रांतिक सभा होती. कुणीतरी त्यांना जाब विचारू शकत होतं, हा सगळा फरक आहे. पुढे त्याच राज्यात कर्जाने पिचलेले शेतकरी डॅनियल शेजबरोबर जानेवारी 1787 मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तेव्हा त्यांना अडवणारी मिलिशियाच होती. त्या शेतकऱ्यांची तक्रार खरी होती, मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. पण त्याच वर्षी लिहिल्या गेलेल्या अमेरिकेच्या घटनेत मिलिशियाची कामं दिली आहेत ती कायदा अमलात आणणं, बंड मोडणं आणि आक्रमण परतवणं. सरकार उलथवणं त्यात नाही.

सिंधुदुर्गातून:
आमच्या घरी वडलांच्या नावावर शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, ठासणीची बंदूक. डुक्कर आणि माकडं भाताची वाट लावतात म्हणून. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची. आपल्याकडे हा हक्क कधी नव्हताच, परवानगी आहे. भारताच्या घटना समितीत डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामथांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली होती, काँग्रेसच्या कराची ठरावाचा आधार देऊन. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. मला ते बरोबरच वाटतं.

गूचलंडवासी:
एन-400 चं माहीतच नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं. पण शेजाऱ्यांना काय सांगू? माणूस दुखवायचा नाहीये.

शिक्षिका_नोव्हा:
खरं तेच सांगा: अर्ज व्हायचाय, वकिलाने कुठल्याही सशस्त्र गटापासून लांब राहायला सांगितलंय. (वकिलाला आधी खरोखर विचारा.) नेमबाजी शिकायची तर नोंदणीकृत रेंजवर प्रशिक्षक मिळतो. शेजाऱ्यांनाच म्हणा, माझ्याबरोबर चला, दोघांनाही बरं वाटेल. घरात मुलं असतील तर बंदुकीआधी तिजोरी घ्या. 14 वर्षांखालच्या मुलाला धोका होईल अशी भरलेली बंदूक बेफिकिरीने उघडी ठेवणं इथे गुन्हा आहे.

प्रथमोपचार आणि वायरलेसची आवड असेल, तर काउंटीच्या फायर-रेस्क्यूकडे स्वयंसेवक म्हणून नाव द्या. देशातलं पहिलं स्वयंसेवी रेस्क्यू पथक 1928 मध्ये याच राज्यात, रोनोकला सुरू झालं. नोंदणी होते, प्रशिक्षण मिळतं, आणि करवत चालवणारा तुमचा शेजारी तिथे हवाच असेल.