आर्चेस नॅशनल पार्क: आजी-आजोबा आणि लहान मुलांना झेपेल अशी वाट कोणती?

सायली_घाटमाथा

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मध्यात सॉल्ट लेक सिटीहून गाडीने अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या मोॲबला, आर्चेस पार्कशेजारच्या गावी, जातोय. सोबत पुण्याहून आलेले सासू-सासरे आणि आमची दोन मुलं, वय 4 आणि 7. सासरे अजून पर्वती चढतात, पण सासूबाईंचे गुडघे दुखतात. सपाटीवर हळूहळू बऱ्यापैकी चालतात, उतार आला की घाबरतात. आर्चेससाठी एकच दिवस हातात आहे.

युटाच्या नंबरप्लेटवर जी डेलिकेट आर्च नावाची दगडी कमान असते, ती पाहायची सगळ्यांची इच्छा आहे. तिथवर सगळ्यांना नेता येईल का? नाहीतर कमानीच्या अगदी खाली उभं राहता येईल अशी दुसरी सोपी वाट आहे का? सावली, पाणी, टॉयलेट यांचंही सांगा.

निवडुंग

डेलिकेट आर्चला सासूबाईंना नेऊ नका. जाऊन-येऊन पावणेपाच किलोमीटर, दीडशे मीटरच्या आसपास चढ, मधला बराच भाग उघड्या कातळाचा उतार आणि सावली अजिबात नाही. शेवटी वाट कड्याच्या कडेने जाते. लांबून पाहायची असेल तर त्याच रस्त्यावर पुढे लोअर व्ह्यूपॉइंट आहे, पार्किंगपासून थोडीच पावलं. कमान लहान दिसते, पण दिसते.

रानवाट_कोलोरॅडो

सायली, मी शेजारच्या राज्यात राहते आणि घरी भारतातून कोणी आलं की त्यांना हट्टाने पार्कच्या विंडोज नावाच्या भागातच नेते. डेलिकेट आर्च नंबरप्लेटवर आहे म्हणून सगळे तिच्या मागे धावतात. विंडोजमध्ये मात्र गुडघे दुखणारं माणूससुद्धा कमानीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन आरपार बघू शकतं. माझ्या मते एका दिवसात यापेक्षा जास्त काही मिळवायची गरजच नाही.

व्हिजिटर सेंटरला सगळ्या बाटल्या भरून घ्या, कारण विंडोजला टॉयलेट आहे पण पाणी नाही. पार्कमध्ये खायला काही मिळत नाही, तेव्हा दशम्या, चटणी, शेंगदाण्याचे लाडू जे काही असेल ते बरोबर ठेवा. व्हिजिटर सेंटरपासून विंडोजपर्यंत साधारण 19 किलोमीटर रस्ता आहे. वाटेत बॅलन्स्ड रॉक लागतो. तिथली फेरी जेमतेम अर्ध्या किलोमीटरची, मुलांचे पाय मोकळे होतात.

विंडोजची मुख्य वाट खडी घातलेली, फेरी सुमारे दीड किलोमीटर. चढ हलका आहे, मधेमधे बुटक्या पायऱ्या आहेत. नॉर्थ विंडो, साउथ विंडो आणि समोर टरेट आर्च, अशा तिन्ही कमानी यातच होतात. साउथ विंडोपासून मागच्या बाजूने एक ओबडधोबड वाट फिरून येते, ती तुम्ही सोडून द्या.

मग डबल आर्च. तिची वाट जवळजवळ सपाट, जाऊन-येऊन एक किलोमीटर. एकाच खांद्यावरून दोन कमानी निघाल्यात. मोठीचा विस्तार 44 मीटर आणि उंची 34 मीटर. माझे बाबा गुडघ्याला पट्टा बांधून, काठी टेकत इथवर आले आणि कमानीजवळच्या दगडावर बसले ते उठेनातच. तरुणपणी राजगडावर सुवेळा माचीच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, बसून शिदोरी खाल्लेला माणूस. त्यांनी आधी खडकावरून हात फिरवला. आपल्या बेसाल्टची सवय असलेल्या हाताला हा दगड खरखरीत लागतो, बोटांना वाळूचे कण चिकटतात.

सगळी कथा त्या कणांत आहे. खाली मिठाचा जाड थर आहे, सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी समुद्र आटत गेला तेव्हाचा. वर साचलेल्या खडकांच्या वजनाने ते मीठ सरकलं, फुगलं. वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या आणि त्यांच्यामध्ये उभ्या भिंती राहिल्या. पावसाचं पाणी वाळूचे कण बांधून ठेवणारा चुना विरघळवतं, हिवाळ्यात भेगांत गोठून दगड फोडतं, आणि भिंतीला भोक पडतं. मुलं विचारतील की हे वाऱ्याने झालं का. त्यांना सांगा, मुख्य काम पाण्याचं. डबल आर्च तर वरच्या खळग्यात साठलेल्या पाण्याने खालपर्यंत कोरली गेली असं मानतात. पार्कमध्ये अशा 2,000 हून जास्त कमानींची नोंद आहे.

एक गोष्ट मुलांना गाडीतच समजावा. वाटेच्या बाजूला काळसर, फुगीर, ढेकळांसारखी माती दिसेल. ती जिवंत आहे. सूक्ष्म जीवाणू, शेवाळ, दगडफूल यांनी मिळून धरून ठेवलेली साय म्हणा. वाळू उडू न देणं, पाणी धरणं, झुडपांना नत्र पुरवणं ही सगळी कामं ती करते. एक पाऊल पडलं तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. लोक फोटोसाठी बिनदिक्कत त्यावरून चालतात आणि मला फार त्रास होतो. माझ्या मुलीला हे कळल्यापासून ती घोळक्याच्या पुढे राहून सगळ्यांना वाटेवर ठेवते.

खारी_बिस्कीट

सगळं बरोबर, पण लहान मुलं आहेत तर सँड ड्यून आर्च सोडू नका. दोन उंच भिंतींच्या फटीतून आत गेलं की मऊ वाळूचं अंगण, बहुतेक वेळ सावलीत. आमची पोरं तिथून निघायला तयार नव्हती. वाट अर्ध्या किलोमीटरहून थोडी जास्त, जाऊन-येऊन. भुसभुशीत वाळूत गुडघ्यांना त्रास होतो, तेव्हा आजींना गाडीपाशी कोणाच्या तरी सोबतीने थांबू द्या.

सासरे चालणारे आहेत तर त्यांना पुढे डेव्हिल्स गार्डनमध्ये लँडस्केप आर्च दाखवा. 93 मीटर लांब आणि मध्ये इतकी बारीक की पाहताना श्वास रोखला जातो. 1991 मध्ये तिच्यातून 18 मीटर लांबीचा तुकडा निखळला, आता कमानीखाली जाऊ देत नाहीत. जाऊन-येऊन तीन किलोमीटर. तिथे पाणीही मिळतं.

सायली_घाटमाथा

मनापासून आभार! मग सकाळी विंडोज आणि डबल आर्च सगळ्यांनी, दुपारी मुलं वाळूत, आणि सासरे व नवरा लँडस्केप आर्चला, असं ठरवतेय. किती वाजता पोचावं? धाकट्यासाठी बाबागाडी चालेल का?

रानवाट_कोलोरॅडो

बेत छान आहे. उजाडता उजाडता पोचा, विंडोजचं पार्किंग लवकर भरतं. ऑक्टोबरात दुपारी हवा 23 अंशांच्या आसपास, पण पहाटे चांगलीच थंडी असते. सासूबाईंना स्वेटर आणि कानाला रुमाल लागेलच. बाबागाडी पायऱ्यांवर अडते, पाठीवरची झोळी घ्या. कमानींवर चढायला मनाई आहे, हे थोरल्याला आधीच सांगून ठेवा. आणि 2022 पासून काही हंगामांत प्रवेशासाठी वेळेचं आरक्षण लागत आलंय, नियम बदलतात. निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर या वर्षीचं काय ते बघून घ्या.