काकाचा दुकानातला व्हिडिओ व्हायरल झालाय, लोकं घरापर्यंत आलेत. काय करावं?

दुधनाकाठ (परभणी)
मंडळी सल्ला पायजे. माझ्या काकाचं तालुक्याच्या गावाला मोंढ्यात खत-बियाण्याचं दुकान आहे. मृगाचा पाऊस पडला की डीएपी खतासाठी कशी झुंबड उडते ते इथं कुणाला सांगायची गरज नाही. त्या गर्दीत एका पोरानं मोबाईल काढला, आणि त्यात काका म्हणतोय, "नुसतं डीएपी भेटत नसतं, परवडत नसंल तर दुसरं दुकान बघ." एवढंच आहे. त्याच्या आधी काकानं त्याला समजावून सांगितलं होतं की बाबा खताच्या गाडीसोबत कंपनीनं आम्हालाच नॅनो खताच्या बाटल्या आणि विद्राव्य खतं गळ्यात मारलेत, ते आम्ही कुठं ठेवावं, तो भाग कुणीतरी कापला, खाली गाणं लावलं, वर लाल अक्षरात "शेतकऱ्याला लुटणारा हाच तो" आणि सोडून दिलं.
काका तोंडाचा फटकळ आहे, ते मान्य. पण आता त्याचा नंबर सगळ्या ग्रुपवर फिरतोय, रात्री एक-दीडला फोन येतात, आईबहिणीवरून शिव्या. गूगलवर दुकानाला एक-एक स्टार देणारे बघितले तर निम्मे पुण्या-मुंबईचे, त्यांनी आमचा मोंढा कधी डोळ्यानं बघितला नसंल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चुलत बहीण लातूरला नीटची तयारी करते, तिचा फोटो तिच्या अकाउंटवरून उचलून "बापाच्या लुटीवर लेकीचे क्लास" असं टाकलंय. ती अजून 18 ची पण नाही. क्लासला जायचं बंद केलंय तिनं.
चुलत भाऊ म्हणतो काकाचा माफीचा व्हिडिओ काढून टाकू. काका म्हणतो मी चोर हाव का. काय करावं?

कापूसकोंड्या
राग येईल पण बोलतो. लिंकिंग, म्हणजे एका मालासोबत दुसरा गळ्यात मारणं, होतंय का नाही? होतंय. डीएपीची गोणी 1350 ला, पण ती घ्यायला गेलं की सोबत पाच-सहाशेचं नको ते सामान घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर "माल संपला". पेरणी तोंडावर, रानात वाफसा, त्या टायमाला माणूस तक्रार लिहीत बसंल का पेरणी करंल? शेतकऱ्याजवळ मोबाईल सोडून दुसरं हत्यार काय आहे सांगा. त्या पोरानं व्हिडिओ काढला ते बरोबरच केलं.
पोरीचा फोटो टाकणारा मात्र नालायक आहे, त्याला माफी नाही. तिचा काय संबंध.
आणि काकानं पावती दिली होती का? भावफलक लावलाय का बाहेर?

दुधनाकाठ (परभणी)
दिली की. सबसिडीचं खत पॉस मशीनवर आधार घेऊन, अंगठा लावूनच निघतं, पावती निघतेच. फलक पण आहे, पावसानं अर्धा पुसलाय.

बिंदुसरा_बीड
आयटी कायद्याचं 66अ लावा डायरेक्ट, आत जातील सगळे.

अ‍ॅड. वैरणवाली, लातूर
66अ उरलेलंच नाही हो. सुप्रीम कोर्टानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं. 2012 ला पालघरच्या दोन पोरींना फेसबुकच्या एका पोस्टपायी अटक झाली होती, त्यानंतर ते प्रकरण कोर्टात गेलं. तरी कितीतरी वर्षं पोलीस ते कलम लावतच राहिले, ते वेगळंच पुराण.
आता दुधनाकाठ, तुमचं. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 356 आहे, पण ते अदखलपात्र. म्हणजे ठाण्यात एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) लिहून घेतील आणि कोर्टात जा म्हणतील. ते नंतर बघू. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. काकाचा व्हिडिओ एक आणि पोरीचा फोटो, धमकीचे फोन दुसरं. दोन्हीची एकच तक्रार घेऊन गेलात तर ठाणेदार "दुकानाची भानगड आहे" म्हणून सगळंच बाजूला ठेवील. फोटोची आणि फोनची तक्रार आधी, वेगळ्या कागदावर, सायबर पोर्टलवर पण टाका. धमकीसाठी कलम 351 आहे.
स्क्रीनशॉट घेताना पोस्टची लिंक, तारीख, अकाउंटचं नाव दिसू द्या, नुसता फोटो कापून ठेवू नका. ज्या मोबाईलवर पुरावा आहे तो फॉरमॅट मारू नका, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याकडं पण लिहा, 24 तासात पोच द्यायला ते बांधील आहेत. नाहीच ऐकलं तर 30 दिवसांच्या आत केंद्राच्या अपील समितीकडं जाता येतं, ऑनलाईनच आहे, फी नाही.
ग्रुप अ‍ॅडमिनच्या मागं लागू नका. दुसऱ्यानं टाकलेल्या पोस्टसाठी निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून गुन्हा होत नाही, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 2021 ला सांगितलंय.

बिंदुसरा_बीड
मग वाळीत टाकायचा कायदा? दुकानावर बहिष्कार टाका म्हणालेत ना लोक.

अ‍ॅड. वैरणवाली, लातूर
तो 2016 चा कायदा जात पंचायती, समाजाच्या बैठका ह्यांच्यासाठी आहे. माल घेऊ नका म्हणणारं गिऱ्हाईक त्यात बसत नाही.

माळेगावची जत्रा
1 जुलै 2018 आठवतंय का, धुळ्याकडं राईनपाडा? पोरं पळवणारी टोळी म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. मंगळवेढ्याकडचे होते बिचारे. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा घातली. फॉरवर्ड मारताना कुणी विचारत नाही की हे खरं हाय का.

कापूसकोंड्या
ते कुठं अन हे कुठं. तिथं साफ खोटी अफवा होती, इथं माणूस स्वतःच्या तोंडानं बोलालाय. शेतकऱ्यानं आवाज काढला की लगेच त्याला झुंडीत बसवायचं का?

माळेगावची जत्रा
पोराला नाही म्हणालो. पुण्यात बसून एक स्टार देणाऱ्याला म्हणालो.

गोदाकाठी खतवाला (नांदेड)
मपलं बी दुकान आहे म्हणून सांगतो, माफीचा व्हिडिओ चुकूनबी काढू नका. माफीचं बी कापतेत. "साहेबांची चूक झाली, माफ करा" एवढंच ठेवतेत आन परत गाणं लावून सोडतेत, मग ते सात जन्म निघत नाही.
आता लिंकिंगचं. रेक (खताची मालगाडी) लागली की कंपनीचा माणूस फोन करतो, एवढं डीएपी पायजे तर एवढ्या बाटल्या उचला. नाही म्हणलं तर पुढच्या रेकला आपलं नाव यादीत नसतं. बाटल्या गोदामात पडून, पैसे अडकलेले, मग दुकानदार ते गिऱ्हाईकावर ढकलतो. ते चूकच आहे, कापूसकोंड्या भाऊ बरोबर बोलले. सरकारचं पत्र दरवर्षी निघतं की लिंकिंग करायचं नाही, दुकानदाराचा परवाना जाऊ शकतो. ज्यानं वरून ढकललं त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही, कारण तो मोंढ्यात बसत नाही, एसीत बसतो. ह्या व्हिडिओला लाखभर लोकांनी बघितलं म्हणा, त्यातल्या एकानं तरी पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला अर्ज दिला का? तालुक्याला भरारी पथक असतं, गुणनियंत्रणाचा माणूस असतो. अर्ज आला तर त्यांना साठा तपासावाच लागतो. अर्जच येत नाही, शिव्या येतेत.
काकाला म्हणा डीएपीचं आन बाटल्यांचं बिल एकाच तारखेचं असंल, ते काढ. ट्रान्सपोर्टची पावती बी. तेच घेऊन आपण होऊन जा.

कापूसकोंड्या
हे जर काका करत असंल तर अर्जावर मी बी सही करतो. पण पुढच्या गिऱ्हाईकाला नुसतं डीएपी देणार का, ते आधी सांगा.

दुधनाकाठ (परभणी)
काकाला विचारलं. दोन शिव्या दिल्या, मग म्हणाला देतो, पण बाटल्या माझ्या बोकांडी बसल्या त्याचं काय. बिलं सापडलेत, तारीख एकच आहे. पण तो घाबरतोय की रब्बीला माल तोडतील. काकीचं एकच म्हणणं आहे, दुकान राहू द्या बाजूला, पोरीचा फोटो काढा आधी. फोटोची तक्रार आज पोर्टलवर टाकली, उद्या ठाण्यात जातो.
व्हिडिओ काढणाऱ्या पोराचा पण फोन आला होता. शेजारच्याच गावचा आहे, त्याच्या बापाची आमच्याकडं उधारी आहे, म्हणून लोकं आता त्यालाच म्हणालेत की उधारी बुडवायला केलं. तो म्हणतो मी निस्ता दोस्तांच्या ग्रुपवर टाकला होता, गाणं कुणी लावलं मला माहीत नाही.

अ‍ॅड. वैरणवाली, लातूर
अहो मग त्याच्याकडं पूर्ण व्हिडिओ असेल की! डिलीट करू देऊ नका त्याला. मूळ फाईल तशीच ठेवायला सांगा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नका, पेन ड्राईव्हवर घ्या.

गोदाकाठी खतवाला (नांदेड)
आन कृषी ऑफिसला झेरॉक्स द्या, मूळ बिल हातातून सोडू नका. पोच घेतल्याशिवाय उठू नका तिथून, साहेब मीटिंगला गेलेत म्हणले तरी आवक-जावकवाल्याकडून शिक्का मारून घ्या.