स्टेल्व्हिओ चढायचा तर प्रातोकडूनच

इटलीतल्या आल्प्समधला स्टेल्व्हिओ घाट सायकलने चढायचा तर बोर्मिओ गावाकडूनच जा, तिकडून चढ सोपा पडतो, असा एक सल्ला दिला जातो. मला तो पटत नाही. थोडा सोपा आहे, कबूल. पण त्या बाजूला बोगदे आहेत, आणि आत मागून गाडी आली की तिचा आवाज छातीत घुमतो.

दुसऱ्या बाजूच्या प्रातो गावाकडून सुमारे 24 किलोमीटरमध्ये 1800 मीटर चढ, माथा 2757 मीटरवर. कार्लो दोनेगानी या इंजिनिअरने 1820 ते 1825 मध्ये हा रस्ता बांधला तो घोडागाड्यांसाठी, त्यामुळे चढ बराचसा एकसारखा आहे. एकदा लय सापडली की पाय चालत राहतात. वळणं 48, आणि तिथल्या दगडांवरचे आकडे उलटे: खाली 48, माथ्याशी 1. 20 आकड्याच्या वळणाच्या आसपास झाडं केव्हाच मागे पडलेली असतात. मान वर केली की उरलेला सगळा रस्ता डोंगराच्या भिंतीवर घड्या घातल्यासारखा दिसतो. माझा धीर तिथेच सुटत होता. तेव्हापासून मी फक्त पुढच्या दगडावरचा आकडा बघतो.

आणि माथ्यावरून लगेच उतरू नका हो! सायकलला कुलूप लावा आणि 2843 मीटरच्या ड्रायश्प्राखेनश्पित्झ या शिखरावर पायी जा. इटालियन, जर्मन आणि स्वित्झर्लंडमधली रोमान्श या तीन भाषांचे प्रदेश तिथे भिडतात. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या खुणाही आहेत. पेडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट मात्र दगडांवर सटकतात, हलके बूट पाठीवर ठेवाच. उतरताना जाड हातमोजे हवेत. बोटं गारठली की ब्रेक दाबला जात नाही.